बंदरांच्या विजेची पंचवीस वर्षं

धक्क्याला लागलेलं जहाज थांबलेलं दिसतं, पण दिवे, पंप आणि माल थंड ठेवणारे रीफर कंटेनर यांच्यासाठी त्याची डिझेल जनित्रं चालूच असतात. 2000 साली स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने जहाजांना किनाऱ्यावरून उच्च दाबाची वीज द्यायला सुरुवात केली. 2004 मध्ये लॉस एंजेलिसने कंटेनर जहाजांना ती दिली आणि 2012 मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं. धक्क्यावरचा धूर कमी झाला. पण ती वीज कोळशाची असेल, तर धुराने फक्त गाव बदललं.

आपल्याकडच्या बंदरांनी मग सौर पॅनेलं आणि पवनचक्क्या उभारायला घेतल्या. विशाखापट्टणमने 10 मेगावॅटचा सौर प्रकल्प केला, कांडल्याने वाऱ्यावर भर दिला. 2021 च्या ‘मेरिटाइम इंडिया व्हिजन’ने 2030 पर्यंत प्रमुख बंदरांच्या विजेत 60 टक्क्यांहून अधिक वाटा अक्षय ऊर्जेचा असावा असं उद्दिष्ट ठेवलं, 2023 मध्ये ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वं आली. पण वर्षाची बेरीज जुळली तरी रात्रीची गरज भागत नाही, आणि बंदराला रात्रपाळी चुकत नाही.

या बाबतीत तमिळनाडूतल्या तुतिकोरिन बंदराची वाटचाल मला मोलाची वाटते. नैऋत्य मोसमी वारा पश्चिम घाटाच्या खिंडींतून त्या मुलखात जोराने उतरतो. पावसाळा संपला की तो मंदावतो, ऊन मात्र भरपूर असतं. बंदराने सौर आणि पवन दोन्ही हाताशी ठेवले. सप्टेंबर 2025 मध्ये हरित हायड्रोजनचा पथदर्शी प्रकल्पही सुरू केला; त्यावर बंदराच्या वसाहतीतले पथदिवे आणि वाहनांचं चार्जिंग केंद्र चालतं. काम छोटं आहे, पण वीज साठवण्याचा विचार त्यात आहे.

सौर, पवन आणि साठवण यांची अशी जोडणी निवडताना आधी मागणी बघायला हवी. क्रेन कंटेनर उचलते तेव्हा काही सेकंदांत मागणी उसळते. तोच कंटेनर उतरवताना तिची मोटर वीज परतही देऊ शकते. अशा चढउतारांना बॅटरी लागते. रीफरला अखंड वीज हवी. बऱ्याच जहाजांवर 60 हर्ट्झची यंत्रणा असते आणि आपलं ग्रिड 50 हर्ट्झचं, म्हणून मध्ये वारंवारता बदलणारा परिवर्तक बसवावा लागतो. किती मेगावॅट उभारायचे, हे त्यानंतर ठरतं. पंचवीस वर्षांत बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा झाला, कारण बंदरं आधीच बांधलेली होती.

पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. मच्छीमारांच्या विरोधाचा प्रश्न तिथे स्वतंत्रपणे उभा आहे आणि तो गंभीर आहे. पण बंदर होणारच असेल, तर केबलचे चर, परिवर्तकांची आणि बॅटऱ्यांची जागा नकाशातच धरायला हवी. कोकणात आभाळ भरून येतं त्याच महिन्यांत वारा जोर धरतो. त्याची तासागणिक मोजदाद बांधकामाआधी व्हावी. नंतर धक्के फोडून हे बसवायचं, तर खर्च वाढेल आणि तोवरचा धूर किनाऱ्यावरची गावं सोसतील.