कोरड्या हवेतील वीज आणि राखेतला विस्तव

बदलापूरच्या पश्चिमेस वसलेल्या हेंद्रेपाड्यात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की, घर्षणाने एखाद्या वस्तूवर विद्युतप्रभार निर्माण झाला तरी पृष्ठभागावरील पाण्याचा अदृश्य थर त्यास साचू न देता वाहून नेतो. परंतु पौष-माघातील कोरड्या दिवशी कृत्रिम धाग्याचा स्वेटर अंगावेगळा करताना जो चटचट आवाज होतो, तो त्याच स्थितिक विद्युतेचा घरगुती दाखला होय. अमेरिका-कॅनडाच्या थंड प्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हीच विद्युत अधिक उग्र रूपात भेटते, आणि तिच्या भेटीचे एक ठिकाण म्हणजे पेलेटची शेगडी.

लाकडाचा भुसा दाबून केलेल्या लहान कांड्या जाळून घर उबदार ठेवणारी ही शेगडी अमेरिकेत १९८०च्या दशकात प्रचारात आली. आपल्याकडेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने सिद्ध झालेली, शेतातील काडीकचऱ्याच्या कांड्यांवर चालणारी ‘ऊर्जा’ शेगडी महाराष्ट्रातील अनेक स्वयंपाकघरांत पोहोचली होती. मात्र तिची राख नुसती उपडी करून टाकता येई. परदेशातील शेगडीच्या आतील अरुंद वाटांतून राख ओढून घेण्यास व्हॅक्यूम क्लीनर लागतो, आणि विजेचा प्रश्न तेथूनच उद्भवतो.

शून्य अंश तापमानाची बाष्पसंपृक्त हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २६ टक्क्यांवर उतरते. अशा शुष्क हवेत राखेचे सूक्ष्म कण प्लॅस्टिकच्या नळीतून वेगाने धावू लागले म्हणजे नळीच्या भिंतीस स्पर्शून विलग होणारा प्रत्येक कण थोडाथोडा प्रभार मागे ठेवीत जातो, तो नळीवर आणि नळी धरणाऱ्या माणसाच्या देहावर साचतो, आणि त्याचा हात शेगडीच्या लोखंडास लागताच ठिणगी उडते.

या ठिणगीचे भय किती बाळगावे? दहा हजार व्होल्टपर्यंत प्रभारित झालेल्या मनुष्यदेहातून साधारण पाच ते दहा मिलिज्यूल ऊर्जा बाहेर पडते. टोल्युइनसारख्या द्रावकाची हवेत मिसळलेली वाफ पेटण्यास एक मिलिज्यूलचा चौथा हिस्साही पुरतो, म्हणून जेथे असे द्रावक हाताळले जातात त्या कारखान्यांत एका पिंपातून दुसऱ्यात ओतण्यापूर्वी दोन्ही पिंपांस अर्थिंगची तार जोडण्याचा दंडक असतो, आणि बदलापूर-अंबरनाथच्या रासायनिक वसाहतींत काम करणाऱ्यांस तो नवा नाही. उलट लाकडाच्या धुळीचा ढग पेटण्यास बहुधा याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते, आणि पूर्ण जळालेली राख तर खनिजमय असल्याने पेटतच नाही. तेव्हा झटका क्लेशदायक असला तरी त्याने घरास आग लागण्याचा संभव अल्प आहे. त्याची खरी झळ शेगडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकास लागू शकते, कारण ज्या काही शे व्होल्टची आपल्या बोटांस जाणीवही होत नाही, तेवढ्यांनी त्यातील नाजूक घटक निकामी होऊ शकतात.

माझ्या मते गृहस्थाने अधिक धास्ती घ्यावी ती राखेखाली दडलेल्या निखाऱ्याची. वरून थंड भासणाऱ्या राखेत विस्तव कित्येक तास, क्वचित दिवसभराहूनही अधिक काळ जिवंत राहतो. तो साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या कागदी पिशवीत शिरला म्हणजे यंत्राचाच वारा त्यास फुलवितो, आणि आग भडकते तेव्हा घरातील माणसे कदाचित निजलेली असतात. यास्तव शेगडी पूर्ण निवू द्यावी, तिचा प्लग काढून ठेवावा, राखेसाठीच बनविलेला, धातूच्या डब्याचा व विद्युतवाहक नळीचा क्लीनर वापरावा, नियंत्रकाच्या आसपास हात घालण्यापूर्वी शेगडीच्या रंग नसलेल्या लोखंडास एकवार स्पर्श करावा, आणि काढलेली राख घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून तो डबा घराबाहेर, लाकडी जमिनीपासून दूर, फरशीवर ठेवण्याची तजवीज करावी.