जुन्या शेव्हर्ले पिकअपला पॉवर स्टीअरिंग
१९६७ ते १९७२ या काळातील शेव्हर्ले सी-१० पिकअपला पॉवर स्टीअरिंग हवे असल्यास जादा पैसे मोजावे लागत, त्यामुळे ते नसलेल्या गाड्यांमध्ये ते बसवण्याचा बदल अमेरिकेत आजही केला जातो. साध्या स्टीअरिंग बॉक्समध्ये हाताचा जोर पुरावा म्हणून गिअरचे गुणोत्तर चढे ठेवलेले असते आणि स्टीअरिंगचे चाक बरेच फेरे फिरवावे लागते. उलट सॅगिनॉ बनावटीच्या पॉवर बॉक्समध्ये टॉर्शन बार नावाची बारीक पोलादी सळई किंचित पिळली की झडप उघडते आणि पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाने दाबलेले तेल पिस्टनला ढकलून चालकाला साथ देते. नुसता बॉक्स बदलून भागत नाही. पॉवर बॉक्स लांब असल्याने स्टीअरिंग कॉलमचा दांडा व त्याचा कपलर जुळवावा लागतो, बॉक्सची हालचाल चाकांच्या सळ्यांपर्यंत पोहोचवणारा पिटमन आर्म वेगळा लागतो, शिवाय इंजिनावर पंपाचे ब्रॅकेट आणि जादा खाचेची पुली बसवावी लागते. १९८० नंतरच्या बॉक्सना मेट्रिक आट्यांची, ओ-रिंगची जोडणी असते. तिला जुन्या फ्लेअर पद्धतीची नळी चालत नाही. सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत महत्त्वाची बाब मध्यबिंदूची आहे: बॉक्सचा दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, फेरे मोजून, बरोबर निम्म्यावर आणल्याशिवाय पिटमन आर्म बसवू नये, कारण दात तेथेच सर्वांत घट्ट बसतात आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटत नाही. शेवटी पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश फिरवत तेल भरत राहावे, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांवाटे निघून जाते.