मोटोजीपी १००० वरून ८५० सीसीवर: २०२७ पासून काय बदलणार आणि चाहत्यांमध्ये वाद का?

मुखेडच्या कुठल्याही गॅरेजवर मोटोजीपीचा विषय काढून बघा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ते सगळं ठीक आहे, पण गाडी ॲव्हरेज किती देते?" उत्तर आहे, लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर. मुख्य शर्यत साधारण १०० ते १२५ किलोमीटरची असते आणि टाकीत २२ लिटरपेक्षा जास्त पेट्रोल नेता येत नाही. २०२७ पासून ही मर्यादा २० लिटर होणार आहे. म्हणजे ॲव्हरेजची काळजी आता त्यांनाही करावी लागणार!

गंमत बाजूला ठेवू. ६ मे २०२४ रोजी नवे नियम जाहीर झाले आणि तेव्हापासून चाहत्यांत दोन गट पडलेत. एक गट म्हणतो, मोटोजीपी म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारसायकली, त्यांचे पंख कापू नका. दुसरा म्हणतो, कापाच, कारण त्या पंखांमुळेच ओव्हरटेकिंग संपलंय. २०२६ हा १००० सीसी गाड्यांचा शेवटचा हंगाम असल्यामुळे या वादाला आणखी धार आली आहे.

८५० सीसी म्हणजे नेमकं किती लहान?

मोटोजीपीच्या सगळ्या गाड्यांना चार सिलिंडर असतात. १००० भागिले चार म्हणजे एका सिलिंडरला २५० सीसी. ८५० झाल्यावर ते २१२.५ होतील. आपल्याकडच्या पल्सर २२० चा एकुलता एक सिलिंडर त्याहून मोठा आहे. पण पल्सर त्यातून सुमारे २० हॉर्सपॉवर काढते, तर मोटोजीपीची आजची गाडी चार सिलिंडरमधून ३०० च्या आसपास काढते असं मानलं जातं. हा फरक मुख्यतः आरपीएमचा. पल्सरची जास्तीत जास्त ताकद साडेआठ हजारांवर मिळते, ही गाडी अठरा हजारांच्या पुढे जाते.

चाहते सीसीवरून भांडतात, पण नियमातली खरी मेख बोअरमध्ये आहे. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास. त्याची कमाल मर्यादा ८१ मिलिमीटरवरून ७५ वर आणली आहे. कॅल्क्युलेटर घेऊन बसलं तर दिसतं की पिस्टनचा स्ट्रोक आज ४८.५ मिलिमीटर आहे आणि उद्या ४८.१ असेल, म्हणजे जवळपास तोच. बोअर ८१ ठेवून फक्त सीसी कमी केलं असतं तर स्ट्रोक ४१ च्या आसपास आला असता. पिस्टनला कमी अंतर कापायचं म्हटल्यावर कंपन्यांनी आरपीएम वाढवलं असतं आणि गेलेली बरीचशी ताकद परत मिळवली असती. आता ती पळवाट बंद झाली.

ही पळवाट आधी वापरून झालेली आहे. २००७ मध्ये सुरक्षिततेचं कारण देऊन इंजिन ९९० वरून ८०० सीसी केलं, पण बोअरवर बंधन नव्हतं. आरपीएम वाढलं, वळणातला वेग वाढला, इलेक्ट्रॉनिक्सचा बोलबाला झाला आणि शर्यती रांगेतल्या वाटायला लागल्या. २०१२ मध्ये पुन्हा १००० सीसी आणावं लागलं आणि ८१ मिलिमीटरची मर्यादा तेव्हाच आली. त्यामुळे "सीसी कमी केलं की चुरस वाढते" हे जुन्या चाहत्यांना पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. या वेळी मात्र हिशेब वेगळा मांडलाय.

पंख, खाली बसणारी गाडी आणि टायरमधली हवा

गाडीच्या तोंडावरचे पंख हवेच्या दाबाने पुढचं चाक जमिनीला चिकटवतात. त्यामुळे व्हीली कमी होते आणि ब्रेक उशिरा मारता येतो. पण मागून येणाऱ्याला खळबळलेली हवा मिळते. त्याचे पंख नीट काम करत नाहीत आणि पुढचा टायर थंड हवेअभावी तापतो. टायर तापला की आतला दाब वाढतो, दाब वाढला की पकड जाते. मग जवळ गेलेला रायडर पुन्हा मागे पडतो. वेग असूनही ओव्हरटेक का होत नाही, त्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

आता उलट बाजू. पुढच्या टायरमध्ये किमान १.८० बार, म्हणजे सुमारे २६ पीएसआय दाब हवाच, नाहीतर मुख्य शर्यतीत १६ सेकंदांची शिक्षा. (पंक्चरवाल्याकडे आपण पुढच्या चाकात जवळपास एवढीच हवा भरतो, हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही.) मागे राहिलं तर दाब वाढतो, पुढे एकटं पळालं तर तो कमी पडू शकतो. मार्च २०२५ मध्ये थायलंडला मार्क मार्केझ आघाडीवर होता. दाब कमी पडतोय हे कळल्यावर त्याने भाऊ ॲलेक्सला मुद्दाम पुढे जाऊ दिलं, त्याच्या मागे राहून टायर तापवला आणि शेवटी त्याला गाठून जिंकला. पुढच्याच महिन्यात कतारला केटीएमच्या मॅव्हरिक विन्यालेसने दुसरा क्रमांक मिळवला आणि याच नियमामुळे तो १४ वा ठरला. शर्यत संपल्यावर निकाल बदलतो, याचा चाहत्यांना येणारा राग समजण्यासारखा आहे.

२०२७ मध्ये तोंडाचा वरचा भाग ५० मिलिमीटरने अरुंद होईल आणि नाक ५० मिलिमीटर मागे जाईल. पंख जाणार नाहीत, फक्त छाटले जातील. हे अर्धवट काम वाटतं. राइड हाइट डिव्हाइस मात्र पूर्ण बंद. सुटताना किंवा वळणातून बाहेर पडताना गाडी खाली बसवणारी ही यंत्रणा व्हीली रोखते आणि थ्रॉटल सांभाळायचं अर्धं कौशल्य रायडरच्या हातातून काढून घेते. नव्या नियमांतला सगळ्यात चांगला नियम कुठला, तर हा. टायरही मिशेलिनऐवजी पिरेलीचे येतील, त्यामुळे दाबाचं सगळं गणित नव्याने बसवावं लागेल.

पेट्रोलचं काय?

२०२४ पासून इंधनातला ४० टक्के भाग जीवाश्म नसलेला हवा होता, २०२७ पासून १०० टक्के. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे ऐकून लगेच पंपावरचं ई२० आठवतं. पण दोन्ही एक नाहीत. ई२० म्हणजे साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. तिकडचं इंधन जैविक कचऱ्यापासून किंवा पकडलेल्या कार्बनपासून बनवता येतं आणि त्याची घडण पेट्रोलसारखीच ठेवता येते.

यात आपला संबंध कुठे येतो?

२०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला भारत जीपी झाली. उन्हामुळे २४ ऐवजी २१ फेऱ्या ठेवाव्या लागल्या, मार्को बेझेकी जिंकला आणि त्यानंतर शर्यत भारतात परतलेली नाही. नांदेडहून सचखंड धरून दिल्ली गाठायचा बेत अनेकांच्या मनातच राहिला. सध्या आधार रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या मोबाइल स्क्रीनचा, तोही रेंज असेल तर.

पण गाड्यांच्या बाजूने महाराष्ट्र या खेळात आधीपासून आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्राची मोटोथ्री गाडी घेऊन फ्रान्सेस्को बन्याया २०१६ मध्ये ॲसनला जिंकला. तो त्याचा पहिला ग्रां प्री विजय. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये तो डुकाटीवर मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. महिंद्रा मात्र २०१७ नंतर बाहेर पडली.

दुसरं नाव केटीएम. मुखेडला पोरं जी ड्यूक फिरवतात ती चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये पहिली भागीदारी घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरो उभे केले आणि वर्ष संपता संपता कंपनीचं नियंत्रण पुण्याकडे आलं. ब्रॅड बाइंडरने २०२३ मध्ये मुजेलोला ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग नोंदवला, तो याच केटीएमवर.

त्यामुळे ८५० सीसीचा वाद आपल्यासाठी फक्त टीव्हीवरचा राहत नाही. नवं इंजिन कोऱ्या कागदावरून बनवायचं म्हणजे प्रचंड खर्च, आणि केटीएमच्या बाबतीत त्या खर्चावरचा शेवटचा शब्द आता आकुर्डीचा. एक गोष्ट मात्र केटीएमला सोयीची आहे. सवलतींच्या श्रेणीत २०२७ ची सुरुवात सगळ्या कंपन्या 'बी'पासूनच करतील, डुकाटीसुद्धा. कोण वर आणि कोण खाली, ते त्या हंगामाच्या मध्यावर निकाल पाहून ठरेल.