जे जपलं गेलं तेवढंच ऐकू येतं

१९६७च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात चोवीस वर्षांची जॅनिस जॉपलिन पहिल्यांदा गायली, तेव्हा समोरचे कॅमेरे बंद होते. बँडच्या व्यवस्थापकाने चित्रीकरणाला नकार दिला होता. ती मात्र अशी गायली की हे टिपायचं राहिलं याची सगळ्यांनाच चुटपुट लागली. मग तिला आणि बँडला पुन्हा मंचावर उभं करण्यात आलं आणि डी. ए. पेनेबेकर यांच्या चमूने ते दुसरं गायन टिपलं. आज जगाच्या डोळ्यांपुढे आहे ते हे दुसरं गायन. पहिलं कसं दिसलं, ते त्या दिवशी मैदानात होते त्यांच्याबरोबर गेलं.

गायकावरचा माहितीपट कशावर उभा राहतो, हे या प्रसंगातून कळतं. एमी बर्ग यांचा ‘जॅनिस : लिटल गर्ल ब्लू’ हा माहितीपट २०१५ साली आला, जॅनिसच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. तरीही तो जिवंत वाटतो, याचं मोठं श्रेय तिने घरी लिहिलेल्या पत्रांना. टेक्ससमधल्या पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावातून ती बाहेर पडली आणि आईवडिलांना लिहीत राहिली. आपण सॅन फ्रान्सिस्कोला आलोय हे भीतभीत कळवणारी, तुमची निराशा केली म्हणून हळहळणारी मुलगी त्या पत्रांत आहे. चित्रपटात ती पत्रं कॅट पॉवर ही गायिका वाचते. मंचावर अंगात आल्यासारखी गाणारी बाई आणि घरच्यांच्या शाबासकीसाठी झुरणारी लेक, या दोघी एकच आहेत हे त्या कागदांशिवाय कळलंच नसतं. ती पत्रं घरच्यांनी टाकून दिली नाहीत, ही मला या चित्रपटामागची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

जॅनिस गायची ते ब्लूज हे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. कापसाच्या शेतात आणि रेल्वेच्या रुळांवर राबताना दिलेल्या हाळ्यांची, ओढलेल्या सुरांची त्यात खूण आहे. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, हा त्याचा ओळखीचा साचा. दुसऱ्या वेळी शब्द तेच असतात, गळा वेगळा लागतो. गाणाऱ्याचा कस तिथेच लागतो. जॅनिसने त्याला रॉकच्या गिटारींची धग दिली. ती गोरी होती आणि हे धन कुणाचं आहे याची तिला जाण होती. ब्लूजची सम्राज्ञी म्हणवली गेलेली बेसी स्मिथ १९३७ साली वारली. फिलाडेल्फियाजवळच्या तिच्या कबरीवर तेहेतीस वर्षं नावाचा दगडही नव्हता. तो १९७०च्या ऑगस्टमध्ये बसला. पैसे दिले जॅनिसने आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या जुआनिता ग्रीन यांनी. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, हेरॉइनच्या अतिसेवनाने जॅनिस गेली. वय २७.

आपल्याकडेही गायकावरचा असा एक माहितीपट आहे आणि तो प्रत्येक मराठी माणसाने पाहायला हवा. विलास घोगरे हे मुंबईतल्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचं गाणं चित्रित केलं होतं. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्या धक्क्यातून पटवर्धन यांनी चौदा वर्षं चित्रीकरण केलं. त्यातून झालेला २०११चा ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून लांब आहे, आणि त्यातला एकही तास मला जास्तीचा वाटत नाही. एका शाहिराच्या मरणाचा शोध घेता घेता तो वस्त्यावस्त्यांतल्या गाण्यांपर्यंत पोहोचतो. पण त्या सगळ्याच्या तळाशी आहेत ती ‘हमारा शहर’ची जुनी दृश्यं. तेव्हा कॅमेरा सुरू नसता, तर विलास घोगरे आपल्याला फक्त सांगोवांगी माहीत असते.

आमच्या हरसूल भागात काय जपलं जातं आणि काय निसटतं, हा प्रश्न आज दारात आहे. बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांच्या नाचाच्या, रात्री सोंग निघालं, संबळ वाजू लागला की शेकडो मोबाइल वर होतात. पण त्यात येतो तो मुखवटा, मशाल आणि अर्ध्या मिनिटाचा नाच. वाजवणाऱ्याचा चेहरा नसतो, त्याचं नाव तर नसतंच.

थाळावरच्या कथेचं तर त्याहून वाईट. कोकणा समाजातली ही जुनी चाल. थाळीच्या मध्यावर मेण लावून त्यात एक काडी उभी रोवायची आणि ती बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायची, की थाळी गुणगुणू लागते. त्या एका सुरावर थाळकरी कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा रात्रभर लावतो. पुस्तक समोर नसतं. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात हे मावणार कसं?

गाणाऱ्याच्या नावासह गाणं जपण्याचं काम होण्यासारखं आहे, हे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी दाखवून दिलंय. त्यांनी आणि सोबतच्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही टिपलं.

हरसूलच्या कॉलेजातल्या पोरांना माझं एवढंच मागणं आहे. थाळकऱ्याची परवानगी घ्या, फोन त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि कथा उजाडेपर्यंत अडवू नका. दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन त्याच्याच बोलीत विचारा : ही कथा कुणाकडून घेतली, नागली लावताना काय गाता, कुठला भाग परक्यापुढे गायचा नसतो. तो भाग रेकॉर्डिंगमधून काढून टाकायचा. बाकीचं अख्खं ठेवायचं, खोकल्यासकट आणि मध्येच मागितलेल्या पाण्यासकट. फाइलला त्याचं पूर्ण नाव आणि पाड्याचं नाव द्यायचं, आणि एक प्रत आधी त्याच्या घरी पोहोचवायची.