तपासणीनेच उघडलेले दार

ई-मेल म्हणजे टपालच. त्याचे टपालघर मात्र संगणक असतो. ‘झिंब्रा’ हे असे टपालघर चालविणारे सॉफ्टवेअर होय. २०२२ साली त्यात घातक दोष आढळला. पत्रासोबत आलेले गाठोडे विषाणू शोधण्यासाठी तेथे आधी सोडले जाई. ‘पॅक्स’ हे साधन नसल्यास हे काम ‘सीपिओ’ करी. गाठोड्यात लिहिलेल्या पत्त्यावर ते आंधळेपणाने फाईल ठेवी. त्यामुळे चोराची फाईल थेट वेबच्या दालनात पोहोचे आणि सर्वांची पत्रे त्याच्या हाती लागत. पत्र कोणी उघडण्याचीही गरज नसे! सप्टेंबरमध्ये पॅक्स बसविण्याचा सल्ला निघाला. ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती आली. तात्पर्य, वाचक सावध असून भागत नाही; टपालघर सांभाळणाराही जागा हवा.