दारूचा परवाना वॉर्ड ऑफिसात मिळत नाही

गल्लीत वाइन शॉप येणार अशी कुणकुण लागली की लालबाग-परळमधले रहिवासी एफ दक्षिण वॉर्डावर धडकतात, गिरगावकर डी वॉर्डावर, दादर पश्चिमेचे जी उत्तरवर. राग खरा असतो, कारणही खरं असतं, पण दार चुकलेलं असतं. त्या दारात निवेदनं देण्यात आठवडे जातात आणि तेवढ्यात दुकानाचं शटर वर जातं.

दारूचा परवाना महापालिका देत नाही. राज्यघटनेनं मद्याचा विषय राज्याकडे दिला आहे. महाराष्ट्रात तो १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. या कायद्यात बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद आहे. अर्जाची छाननी राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो आणि परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात निघतो. गिरगावपासून दादरपर्यंतचा सगळा भाग मुंबई शहर जिल्ह्यात येतो, म्हणजे हरकत नोंदवायची जागा फोर्टातलं जुनं जकात घर. ‘नगरसेवकानं पैसे खाऊन परवाना दिला’ असं नाक्यावर सहज बोललं जातं, पण परवाना देण्याचा अधिकार नगरसेवकाला नाहीच. मार्च २०२२मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळातही हा अधिकार होता तिथेच होता.

म्हणून पालिका नामानिराळी होते, असं मात्र नाही. परमिट रूमला खाद्यगृहाचा आणि आरोग्याचा परवाना पालिकेचाच लागतो. बांधकाम, अग्निसुरक्षा, बाहेर पडायची वाट हे सगळं तिचंच काम. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ माणसं गेली. त्या रात्रीचा प्रश्न दारूच्या परवान्यापेक्षा बांधकामाचा आणि सुटकेच्या वाटेचा होता. तुमची तक्रार गच्चीवरच्या शेडची किंवा अडवलेल्या जिन्याची असेल, तर वॉर्ड ऑफिस हेच योग्य दार आहे.

दुसरा मोठा गैरसमज ‘नवीन’ या शब्दाभोवती आहे. राज्यात वाइन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणं १९७०च्या दशकातच थांबवलं गेलं. तेव्हा गल्लीत नवं दिसणारं वाइन शॉप बहुधा जुनाच परवाना असतो, दुसऱ्याच्या नावावर झालेला किंवा दुसऱ्या जागेवरून उठून आलेला. निवेदनात ‘नवा परवाना देऊ नका’ असं लिहिलं की ‘नवा दिलेलाच नाही’ असं सरळ उत्तर येऊ शकतं. हरकत स्थलांतराला घ्यायची, आणि तीही मंजुरीच्या आधी. परमिट रूम आणि बिअर शॉपीला हा नियम लागू नाही, त्यांचे नवे परवाने निघतात.

‘समोर देऊळ आहे, मग परवाना मिळालाच कसा?’ शाळा आणि धार्मिक स्थळापासून अंतर राखायचा नियम आहे खरा, पण शहरात ते अंतर शंभर मीटरही भरत नाही. शिवाय नियमातलं धार्मिक स्थळ म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या मालकीचं किंवा व्यवस्थापनाखालचं. चाळीच्या तोंडाशी असलेली, तीन पिढ्यांनी पुजलेली घुमटी नोंदलेली नसेल तर ती मोजणीत येत नाही. हे मनाला लागतं, पण आधीच कळलेलं बरं. वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी तपासून तिचा क्रमांक अर्जात घातला तर हरकतीला वजन येतं.

चालू दुकान बंद करायचा मार्ग म्हणजे ‘आडवी बाटली’. तो फक्त खेड्यांसाठी आहे असं अनेकांना वाटतं, पण शहरातल्या प्रभागांनाही तो खुला आहे. प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. खरी अडचण उंबरठ्याची आहे. यादीतल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांची आडवी बाटली लागायची, नुसत्या झालेल्या मतांतली नव्हे. मुंबईत प्रभाग २२७, एकेका प्रभागात सरासरी पन्नास हजारांहून अधिक वस्ती. त्यात गिरणगावची यादी: चाळ पुनर्विकासाला गेली, माणसं विरार-डोंबिवलीला किंवा संक्रमण शिबिरात, नावं मात्र इथेच. मतदानाला न आलेला प्रत्येक जण दुकानाच्या बाजूनं मोजल्यासारखा होतो. हा निकष मला अन्यायाचा वाटतो.

मार्च २०२५मध्ये सरकारनं विधानसभेत सांगितलं की झालेल्या मतांपैकी ७५ टक्के आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होईल, आणि सोसायटीच्या गाळ्यात दारूचं दुकान किंवा बिअर शॉपी काढायला सोसायटीची ना हरकत लागेल. पहिली सुधारणा मोलाची आहे. दुसरी पागडीच्या चाळीपर्यंत पोचत नाही, कारण तिथे सोसायटीच नसते. गाळा मालकाचा, भाडेकरूला कोण विचारणार?

परवाना एकदा मिळाला की कायमचा, हेही खरं नाही. त्याचं दरवर्षी नूतनीकरण होतं आणि अटी मोडल्यास तो निलंबित किंवा रद्द करता येतो. दुकानासमोर फुटपाथवरच चाललेलं पिणं, वेळ संपल्यावरची विक्री, एकवीस वर्षांखालच्या मुलांना दिलेली बाटली या गोष्टी तारीख, वेळ आणि फोटोसह लिहून उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्याव्यात आणि पोचपावतीवर शिक्का घ्यावा.