अद्भुतिकेतील अनपेक्षित मृत्यू : विप्रलंभाकडून करुणाकडे

वास्तववादी कादंबरीत एखादे पात्र मरण पावले की ते मरण अंतिम आहे, हे वाचकाला सांगावे लागत नाही. वाचकाच्या जगातला नियमच तेथे लागू असतो. अद्भुतिकेत, म्हणजे ज्या वाङ्मयप्रकाराला ‘फँटसी’ असेही म्हटले जाते त्यात, मात्र ही खात्री नसते. तेथे मंत्र असतात, शाप आणि उःशाप असतात. देह बदलतात आणि गेलेले परतही येतात. मृत्यू टळण्याची इतकी दारे जेथे उघडी आहेत, तेथे पात्राच्या मृत्यूचे दुःख सौम्य असावे, असा तर्क सहज करता येईल. वाचकांचा अनुभव या तर्काला दुजोरा देत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि त्यानंतरच्या इंग्रजी अद्भुतिकांमधील काही मृत्यू वाचकांच्या मनात दीर्घकाळ सलत राहिले आहेत. या विसंगतीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘अनपेक्षित’ म्हणजे ‘असूचित’ नव्हे. पुढे विचारात घेतलेल्या मृत्यूंपैकी काहींची सूचना संहितेत आधी येऊन गेलेली आहे. वाचक ती वाचतो, परंतु तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. कारण त्या वाङ्मयप्रकाराच्या संकेतांनी त्याला निराळी सवय लावलेली असते. मृत्यूची अनपेक्षितता घटनेच्या आकस्मिकतेपेक्षा या मोडलेल्या संकेतात अधिक असते.

हा संकेत भारतीय परंपरेला अपरिचित नाही. मराठीने ज्या ग्रंथाच्या नावावरून ‘कादंबरी’ हा शब्द घेतला, त्या बाणभट्टाच्या सातव्या शतकातील कथेतच त्याचे ठळक उदाहरण आढळते. पुंडरीक मरण पावतो आणि महाश्वेता विलाप करते. तेवढ्यात एक दिव्य पुरुष त्याचे शरीर घेऊन आकाशात जातो आणि पुनर्मीलनाचे आश्वासन देतो. या आश्वासनावर महाश्वेता देह राखते. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी ‘करुणविप्रलंभ’ या प्रकारासाठी त्याने हाच प्रसंग उदाहरण म्हणून घेतला आहे. आकाशवाणी होईपर्यंत येथे केवळ करुण आहे आणि मीलनाची आशा निर्माण झाल्यानंतरच शृंगाराला अवकाश मिळतो, असे जाणकारांचे मतही तो नोंदवितो. या विवेचनाचे मूळ भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. तेथे करुणाला निरपेक्ष आणि विप्रलंभाला सापेक्ष म्हटले आहे. एका ठिकाणी आशा संपलेली असते, दुसऱ्या ठिकाणी ती शिल्लक असते. वियोग दोन्हीकडे आहे. रस बदलतो तो आशेमुळे.

अलंकारशास्त्रातील हा भेद प्रेमी युगुलापुरता आहे, याची जाणीव ठेवूनही त्याचा उपयोग व्यापक अर्थाने करता येतो. अद्भुतिकेच्या वाचकाचे मन आरंभापासूनच महाश्वेतेच्या स्थितीत असते. प्रत्येक मृत्यूनंतर ते आकाशवाणीची वाट पाहते. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या मराठीतील आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीही संकटांच्या मालिकेनंतर शेवटी मीलन हाच संकेत दृढ केला होता. अद्भुतिकेतील अनपेक्षित मृत्यूचा परिणाम समजून घ्यावयाचा तर ही आकाशवाणी कोठे होते, कोठे होत नाही, आणि ती होणार नाही हे वाचकाला केव्हा उमगते, हे पाहावे लागते.

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या बृहत्कथेत दोन मृत्यू जवळजवळ येतात. पहिला गँडाल्फचा. मोरियाच्या दाराने जाण्यात त्याला धोका आहे, असे अ‍ॅरागॉर्नने आधीच बजावलेले असते. तरीही पुलावरून तो दरीत कोसळतो तेव्हा वाचक त्यास सिद्ध नसतो, कारण मार्ग जाणणारा तोच एक असतो. टोल्किन हा मृत्यू घाईने मागे टाकीत नाहीत. सोबती बाहेर येऊन रडतात. पुढे लोथलॉरियनमध्ये एल्फ त्याच्यासाठी विलापगीते गातात, तेव्हा लेगोलास त्यांचा अर्थ सांगण्यास नकार देतो, कारण त्याचे दुःख अजून ताजे असते. फ्रोडो पद्य रचू पाहतो आणि सॅम त्यात गँडाल्फच्या आतषबाजीची भर घालतो. पहिला खंड जुलै १९५४ मध्ये आणि दुसरा नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिल्या वाचकांना हा शोक साडेतीन महिने खरा मानूनच बाळगावा लागला. दुसऱ्या खंडात गँडाल्फ परततो. परंतु त्याचे रूप पालटलेले आहे आणि स्वतःचे जुने नावही त्याला आठवावे लागते.

दुसरा मृत्यू बोरोमिरचा. अंगठीच्या मोहाने तो फ्रोडोवर हात टाकतो आणि थोड्याच वेळात मेरी व पिपिन यांना वाचविताना बाणांनी विद्ध होऊन मरतो. अ‍ॅरागॉर्नजवळ तो आपली चूक कबूल करतो. त्याचा देह नावेत ठेवून नदीत सोडला जातो. दुसऱ्या खंडाचा आरंभच या मृत्यूने होतो आणि त्यानंतर काही प्रकरणांतच गँडाल्फ परत येतो. बोरोमिर मात्र परतत नाही. एकाच कथेत एकासाठी आकाशवाणी होते आणि दुसऱ्यासाठी होत नाही. गँडाल्फच्या पुनरागमनाने वाचकाच्या मनात जी आशा जागते तिच्या उजेडात बोरोमिरचे न परतणे अधिक ठळक होते. विप्रलंभ आणि करुण यांची ही शेजारशेजारची मांडणी कथेच्या भावनिक रचनेचा कणा आहे. टोल्किन यांनी परीकथांविषयी १९३९ मध्ये दिलेल्या व १९४७ मध्ये छापलेल्या व्याख्यानात कथेच्या शेवटी येणाऱ्या सुखद कलाटणीचे महत्त्व प्रतिपादन केले. तथापि ही कलाटणी दुःखाचे अस्तित्व नाकारीत नाही, दुःख व अपयश शक्य असणे हीच तिची अट आहे, असेही त्यांनी मानले. बोरोमिर हा त्या अटीचा पुरावा म्हणता येईल.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) मध्ये हाच संकेत निवेदनपद्धतीच्या द्वारे मोडला जातो. या कादंबरीतील प्रत्येक प्रकरण एखाद्या पात्राच्या दृष्टिकोनातून सांगितलेले असून त्या पात्राचे नाव प्रकरणाच्या शिरोभागी असते. एडार्ड स्टार्कच्या नावावर अशी १५ प्रकरणे आहेत. ज्याच्या डोळ्यांनी कथा पाहिली त्याला कथा सांभाळील, अशी वाचकाची धारणा त्यातून बनते. कन्येच्या जीविताखातर एडार्ड राजद्रोहाची खोटी कबुली देण्यास तयार होतो आणि त्याला उत्तरेच्या सीमेवर धाडले जाईल, अशी अपेक्षा संहितेतच निर्माण होते. ऐन वेळी बालराजा शिरच्छेदाची आज्ञा देतो. हा प्रसंग एडार्डच्या प्रकरणात येत नाही. तो धाकटी मुलगी आर्या हिच्या प्रकरणात येतो आणि तिलाही तो पाहू दिला जात नाही. गर्दीत एक माणूस तिला धरून ठेवतो व पाहू नकोस असे बजावतो. संस्कृत नाट्यपरंपरेने रंगभूमीवर मृत्यू दाखविणे टाळले, त्याची येथे आठवण व्हावी. वाचकाला मृत्यूचे दृश्य मिळत नाही, मिळते ती केवळ मुलीची अवस्था.

यापुढची योजना अधिक महत्त्वाची आहे. लगेच येणाऱ्या दोन प्रकरणांत ब्रॅन आणि सान्सा या अपत्यांचा शोक येतो. एडार्डच्या नावाचे प्रकरण मात्र पुन्हा येत नाही. वाचकाला करुणाची खरी जाणीव शिरच्छेदाच्या ओळीत होत नाही. पुढची शीर्षके वाचीत जाताना एक नाव गळाले आहे हे कळते तेव्हा ती होते. शिवाय या जगात मृतांचे उठणे शक्य आहे, हे वाचकाला प्रस्तावनेपासून ठाऊक असते; परंतु तेथे उठलेले मृत भयंकर शत्रू असतात. याच कादंबरीत डेनेरिस मरणोन्मुख पतीसाठी रक्तमंत्राचा आश्रय घेते आणि तिच्या हाती येतो तो केवळ श्वास घेणारा देह. ‘अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स’ (२०००) मध्ये विवाहसोहळ्यात कॅटलिन व तिचा पुत्र रॉब यांची हत्या होते आणि उपसंहारात कॅटलिन परतते ती वाचाहीन, सूडाने पेटलेली. आकाशवाणी येथे होते, परंतु महाश्वेतेने जिची वाट पाहिली ती ही नव्हे. पुनरागमनाचे दार मार्टिन बंद करीत नाहीत. त्यातून जे परत येते ते पाहून वाचकालाच ते बंद असावे असे वाटू लागते.

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फीनिक्स’ (२००३) मध्ये आशेचा हा प्रवास स्वतः नायकच करतो. सिरियस ब्लॅक झुंजीत एका कमानीच्या पडद्याआड पडतो. जखम दिसत नाही, देह उरत नाही. तो पलीकडून बाहेर येईल असे हॅरीला वाटते आणि त्याला धरून ठेवावे लागते. नंतर त्याला सिरियसने दिलेला आरसा सापडतो. त्यातून तो हाक मारतो, उत्तर येत नाही. मग तो शाळेतील भुताकडे जाऊन सिरियस भूत होऊन येईल का, हे विचारतो. तेथेही नकार मिळतो. पडदा, आरसा, भूत ही सारी अद्भुतिकेचीच साधने आहेत. वाचक जी दारे मनातल्या मनात ठोठावीत असतो, ती हॅरी एकेक करून ठोठावतो. शेवटचे दार मिटते तेव्हा विप्रलंभ संपून करुण सुरू होतो. हा मृत्यू एका क्षणात घडत असला, तरी वाचकाला तो पटण्यास अनेक पृष्ठे लागतात.

या तीन उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. वास्तववादी कथेत मृत्यूनंतर आशा बहुधा उरत नाही. अद्भुतिकेत ती उरते आणि तिला स्वतंत्रपणे मरावे लागते. वाचकाला एका पात्रासाठी दोन वेळा शोक करावा लागतो : प्रथम पात्राचा, नंतर त्याच्या परतण्याच्या शक्यतेचा. येथील दुःखाची तीव्रता या दुसऱ्या शोकातून येते. पुनर्वाचनात धक्का नाहीसा होऊनही दुःख का टिकते, याचेही उत्तर येथे मिळते. एडार्ड मरणार हे ठाऊक असलेला वाचक त्याची १५ प्रकरणे अधिकच व्याकूळतेने वाचतो, कारण आता प्रत्येक आशेचा अंत त्याला आधीच दिसत असतो.

यावरून या तंत्राची मर्यादाही ध्यानात येते. ज्या कथेत मृत पात्रे विनासायास परत येऊ लागतात, तेथे वाचक शोक करणेच सोडून देतो. याउलट केवळ धक्क्यासाठी पात्रे मारली जाऊ लागली, तर तो जीव लावणे थांबवितो. दोन्ही ठिकाणी आशा आणि निराशा यांतील ताण सैल पडतो. मृत्यूनंतर मागे राहिलेल्या पात्रांच्या शोकाला कथा किती जागा देते, ही या संदर्भात उपयुक्त कसोटी ठरते. लोथलॉरियनमधील विलापगीते, ब्रॅन व सान्सा यांची प्रकरणे आणि हॅरीच्या हातातला मूक आरसा या कसोटीला उतरतात.

अद्भुतिका हे मृत्यूपासून पलायन आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. वरील विवेचनाच्या प्रकाशात तो अपुरा वाटतो. आपला माणूस गेला आहे हे कळूनही दारात पाऊल वाजले की मान वळते, हा अनुभव प्रत्यक्ष जीवनातील शोकाचाही भाग आहे. वास्तववादी कथेच्या मृत्यूविषयक नियमात या अवाजवी आशेला फारसे स्थान मिळत नाही. अद्भुतिका तिला काही काळ वाजवी ठरविते, तिला मंत्र, आरसे आणि आकाशवाणी पुरविते, आणि मग ती कशी विझते ते दाखविते. महाश्वेतेला तिचा पुंडरीक परत मिळाला. हॅरीला आरशात केवळ स्वतःचे प्रतिबिंब दिसले. या दोन टोकांमध्ये अद्भुतिकेतील मृत्यूचा भावनिक प्रदेश पसरलेला आहे, आणि आशा करण्याची सवय न सुटलेल्या कोणत्याही शोकाकुल मनाला तो परिचित वाटावा.